हावड्याच्या पुलाखाली अडकलेला प्रश्न

२४ जून २००५ रोजी हुगळीला भरती असताना ‘एम. व्ही. मणी’ हे खासगी मालवाहू जहाज हावड्याच्या पुलाखालून जाऊ लागले आणि त्याचे धुरांडे पुलाच्या तळाशी अडकले. तीन तास ते तसेच अडकून होते. पुलाच्या लांबीच्या दिशेने जाणाऱ्या तुळया दुखावल्या, काही आडव्या तुळया तुटल्या आणि देखभालीच्या ट्रॉलीचे रूळ मोठ्या लांबीपर्यंत वाकले. नुकसान सुमारे दीड कोटी रुपयांचे होते. १९४३ साली वापरलेल्या पोलादाशी जुळणारे पोलाद मिळावे, म्हणून बंदर प्रशासनाला ‘सेल’चे दार ठोठवावे लागले. पूल मात्र उभाच राहिला, आणि त्यामुळेच की काय, शहराच्या स्मरणात त्या दिवसाला आज जवळपास जागा नाही. रोज सुमारे एक लाख वाहने आणि त्याहून अधिक पादचारी ज्या पुलावरून जातात, त्याला एका जहाजाने धडक दिली होती, हे त्यांच्यापैकी कितीजणांना ठाऊक असेल?

या विस्मृतीची आठवण होण्याचे कारण दूरच्या बाल्टिमोरमध्ये आहे. २६ मार्च २०२४ च्या मध्यरात्रीनंतर ‘डाली’ या अवाढव्य कंटेनर जहाजाची वीज गेली, नियंत्रण सुटले आणि ते ‘फ्रान्सिस स्कॉट की’ पुलाच्या खांबावर आदळले. काही सेकंदांत पूल पाण्यात कोसळला. जहाजावरून वेळीच दिल्या गेलेल्या संकटसूचनेमुळे पोलिसांनी दोन्ही बाजूंची वाहतूक थांबवली, म्हणून मोठी मनुष्यहानी टळली. परंतु पुलावर रस्त्याचे खड्डे बुजवणारे मजूर होते. त्यांच्यापैकी सहाजण मृत्युमुखी पडले. मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतील देशांतून पोट भरण्यासाठी आलेली ही माणसे होती.

जहाजावरील २१ खलाशांपैकी २० भारतीय होते. ही बातमी पसरताच समाजमाध्यमांवर जे सुरू झाले, ते आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. लंगोट्या नेसलेले, गोंधळलेले, आरडाओरडा करणारे खलाशी दाखवणारे एक व्यंगचित्र लाखो लोकांनी पाहिले. कुणी सायबर हल्ल्याची कहाणी रचली, कुणी शहराच्या कृष्णवर्णीय महापौरांच्या नेमणुकीवरच घसरले; वास्तविक ते लोकांनी निवडून दिलेले महापौर होते. मजुरांचे मृतदेह अजून पाण्यात होते आणि वाद मात्र कातडीच्या रंगावर चालला होता.

भारतात त्यावर संताप उसळला. तो रास्त होता. अध्यक्ष जो बायडेन यांनी खलाशांच्या प्रसंगावधानाची दखल घेतली, तेव्हा आपल्याला अभिमान वाटला, तेही स्वाभाविक होते. पण जरा थांबून पाहिले, तर दोन्ही प्रतिक्रियांचा साचा एकच होता. तिकडे ‘ही माणसे कोण होती?’ असा प्रश्न विचारून दोष ठरवला गेला. इकडे त्याच प्रश्नाचे उत्तर देऊन निर्दोषत्व ठरवले गेले. वीज का गेली आणि एका धडकेत संपूर्ण पूल का कोसळला, हे दोन प्रश्न या गदारोळात मागे पडले.

ते प्रश्न विचारणारी एक संस्था मात्र तेथे होती. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने शांतपणे, दीड वर्षाहून अधिक काळ तपास केला. नोव्हेंबर २०२५ मध्ये मंडळाने सांगितले की, वीज जाण्याच्या मुळाशी एक सैल तार होती. तारेवरचे ओळखीचे लेबल चुकीच्या जागी बसल्यामुळे ती जोडणीत पुरेशी आत गेलीच नव्हती. जहाजाच्या व्यवस्थापनातील आणि यंत्रे चालवण्याच्या पद्धतीतील त्रुटींवरही मंडळाने बोट ठेवले. म्हणजे भारतीय म्हणून कुणाला दोषी धरायचे नव्हते, तसे भारतीय म्हणून कुणाला सूटही द्यायची नव्हती.

त्याहून अस्वस्थ करणारा निष्कर्ष पुलाविषयीचा होता. जहाजाच्या धडकेने पूल कोसळण्याचा जो धोका तेथील महामार्ग व वाहतूक अधिकाऱ्यांच्या संघटनेने स्वीकारार्ह मानला आहे, त्याच्या जवळपास तीसपट धोका या पुलाला होता. तो मोजण्याची पद्धत १९९१ पासून उपलब्ध होती. पुलाच्या मालक संस्थेने ती वापरलीच नव्हती. मंडळाने १९ राज्यांतील आणखी ६८ पुलांची यादी देऊन त्यांच्या मालकांना हा हिशेब तातडीने मांडण्यास सांगितले.

आणि इशारा मिळालाच नव्हता असेही नाही. १९८० साली ‘ब्लू नागोया’ नावाचे कंटेनर जहाज याच पुलाला धडकले होते. नुकसान किरकोळ झाले, पूल उभा राहिला आणि धडक विस्मरणात गेली. त्याच वर्षी फ्लोरिडातील ‘सनशाइन स्कायवे’ हा पूल जहाजाच्या धडकेने कोसळून ३५ माणसे दगावली होती. तेथे नवा पूल बांधताना खांबांभोवती भक्कम संरक्षक अडथळे उभारले गेले. एकाच वर्षी दोन पुलांना जहाजांच्या धडका बसल्या. जेथे माणसे मेली तेथे बदल झाला, जेथे ती वाचली तेथे ४४ वर्षे वाट पाहिली गेली. हावड्याची २००५ ची धडक या दुसऱ्या प्रकारात मोडते.

खरे तर हावड्याने या बाबतीत एकदा दूरदृष्टी दाखवलेली आहे. आजच्या पुलाआधी येथे ब्रॅडफर्ड लेस्ली यांनी आखलेला तरंगता पूल होता. त्याचे काम चालू असतानाच, २० मार्च १८७४ च्या वादळात ‘इजीरिया’ ही आगबोट नांगर तुटून त्याच्यावर आदळली. तीन तराफे बुडाले आणि पुलाचा सुमारे २०० फुटांचा भाग मोडला. दुरुस्ती होऊन ऑक्टोबरमध्ये तो खुला झाला. पुढे सुमारे सात दशके जहाजांना वाट देण्यासाठी मधला भाग बाजूला सरकवावा लागे आणि काठावरची माणसे, बैलगाड्या खोळंबून राहत. नदी की रस्ता, हा झगडा रोजचाच होता.

म्हणूनच नव्या पुलाचा विचार झाला, तेव्हा नदीच्या पात्रात खांब नसलेला कॅन्टिलिव्हर पूल निवडला गेला. १९४३ च्या फेब्रुवारीत खुला झालेला हा पूल दोन्ही काठांवरील मनोऱ्यांवर तोलला आहे. मधला गाळा १५०० फुटांचा. २६,५०० टन पोलाद, त्यातील बहुतांश टाटांचे, आणि नट-बोल्टऐवजी सर्वत्र रिव्हेट. नदीतील खांबावर जहाज आदळून पूल कोसळण्याची भीती या रचनेने जवळपास संपवली. पण वरचा तळ उरतोच आणि नदीची पातळी भरती-ओहोटीने सतत बदलते. ‘मणी’ने नेमकी तीच उणीव दाखवून दिली.

आज हा प्रश्न केवळ इतिहासाचा राहिलेला नाही. हल्दिया ते प्रयागराज हा १,६२० किलोमीटरचा राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक १ या पुलाखालून जातो. २०१८ साली कोलकात्याहून कंटेनर घेऊन वाराणसीला पोहोचलेल्या जहाजाचे नाव रवींद्रनाथ टागोरांचे होते आणि ज्या पुलाखालून तो मार्ग जातो, त्याचे अधिकृत नावही रवींद्र सेतूच आहे. जलवाहतूक स्वस्त आहे, इंधन वाचवते, तिला उत्तेजन मिळायलाच हवे. परंतु नदीतून जाणारी जहाजे वाढवायची, तर नदीवरच्या पुलांचा हिशेबही त्याच वेळी मांडायला हवा. यातील बरेच पूल जुने आहेत आणि त्यांचे मालक निरनिराळे आहेत: कुठे रेल्वे, कुठे बंदर, कुठे राज्य सरकार.

आपल्याकडील पद्धत काय आहे? २०२१ च्या अंतर्देशीय जहाज कायद्यानुसार अपघाताची खबर जवळच्या पोलीस ठाण्याला आणि राज्याने नेमलेल्या प्राधिकाऱ्याला द्यायची असते. राज्य सरकार जिल्हाधिकाऱ्यांकरवी चौकशी करवू शकते. कामाच्या डोंगराखाली दबलेल्या जिल्हाधिकाऱ्याने जहाजाची विद्युतयंत्रणा आणि पुलाची भारक्षमता तपासावी, ही अपेक्षा त्याच्यावरही अन्याय करणारी आहे. रेल्वे अपघातांची चौकशी रेल्वे सुरक्षा आयुक्त करतात आणि ते रेल्वे मंत्रालयाच्या नव्हे, नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत असतात. ज्याचा कारभार तपासायचा, त्याच्याच हाताखाली तपासनीस नको, हे तत्त्व आपण रेल्वेपुरते मान्य केले आहे. पुलांसाठी असा स्वतंत्र, कायमस्वरूपी तपासनीस आजही नाही.

त्याचा परिणाम आपण वारंवार पाहिला. २०१६ साली कोलकात्यातील पोस्ता भागात बांधकाम चालू असलेला उड्डाणपूल कोसळला, तेव्हा ठेकेदार कंपनीच्या अधिकाऱ्याने ती ‘देवाची करणी’ ठरवली. २०२२ साली मोरबीत झुलता पूल तुटून १३५ जण गेले, तेव्हा सुरुवातीला पकडल्या गेलेल्यांत तिकीट देणारे आणि पहारेकरीही होते. एकीकडे देव, दुसरीकडे पहारेकरी. मधली सारी साखळी, म्हणजे निविदा, तपासणी, परवानगी, देखरेख, सुरक्षित राहते.

शिक्षा नको, केवळ अभ्यास हवा, असे येथे सुचवायचे नाही. ज्यांची माणसे गेली, त्यांना न्याय मिळालाच पाहिजे. मात्र फौजदारी खटला आरोपीपाशी थांबतो. पुढचा पूल वाचवण्यासाठी कारणापर्यंत जावे लागते. कोलकात्याने ते करूनही दाखवले आहे. २०१८ मध्ये माजेरहाट पूल पडल्यावर शहरातील पुलांची तपासणी झाली, टाला पूल धोकादायक ठरला, लोकांची गैरसोय पत्करून तो पाडला गेला आणि २०२२ मध्ये नवा उभा राहिला. नोव्हेंबर २०२४ मध्ये हावडा पुलाचीही एका रात्री काही तास वाहतूक थांबवून प्रकृती तपासली गेली.

या प्रयत्नांना नियमाचे रूप द्यायला हवे. जलमार्गावरील प्रत्येक पुलासाठी जहाजाच्या धडकेचा धोका मोजून तो जाहीर करावा. पुलाखालची उपलब्ध उंची भरतीच्या पातळीनुसार दिसेल, अशी व्यवस्था आणि ती न पाळणाऱ्या जहाजाला आधीच थांबवण्याचा अधिकार असावा. सर्वात महत्त्वाचे म्हणजे ज्या धडकेत कुणी दगावले नाही, तिचीही स्वतंत्र चौकशी व्हावी आणि अहवाल संकेतस्थळावर, बंगालीतही, मिळावा.

बाल्टिमोरच्या खलाशांची टिंगल झाली, तेव्हा आपण म्हणालो, आधी तपास होऊ द्या. तीच मागणी आपल्या नद्यांवरच्या पुलांसाठी आपण अजून केलेली नाही. ती करायला पूल पडण्याची वाट पाहावी लागू नये. हावड्याच्या पुलाने २००५ सालीच इशारा दिलेला आहे.