बंजर, ओसाड आणि टुंड्रा

भूगोलाचे शिक्षक रजेवर होते, म्हणून आठवीचा तास माझ्याकडे आला. मी शिकवतो उर्दू आणि मराठी. फळ्यावर आधीचं वाक्य तसंच होतं : टुंड्रा हा ओसाड प्रदेश आहे. एका मुलाने विचारलं, "सर, ओसाड म्हणजे बंजर ना?" मी "हो" म्हणून मोकळा झालो. ते "हो" मला अजून टोचतं.

बंजर म्हणजे जिथे काही उगवत नाही ती जमीन. ओसाड म्हणजे माणसं सोडून गेलेली जागा. टुंड्रा यातलं काहीच नाही. अलास्का, उत्तर कॅनडा, ग्रीनलंडचा किनारा, रशियाची उत्तर कड असा हा पट्टा आहे. खालची जमीन कायम गोठलेली, म्हणून उंच झाडं नाहीत. पण उन्हाळ्यात दोनेक महिने वरचा थर सुटतो, पाणी खाली मुरत नाही, दलदल होते आणि त्यात गवत, शेवाळ, फुलं आणि ढगासारखे डास. हिवाळ्यात रेनडियर बर्फ उकरून लायकेन खातात. ते आपल्या मसाल्यातल्या दगडफुलाचंच भावंड. वर्षाला जेमतेम काही मिलिमीटर वाढतं. लेमिंग नावाचे उंदीर बर्फाखाली बोगदे करून जागेच राहतात आणि त्यांच्यावर हिमघुबड, ध्रुवीय कोल्हे जगतात. लिटल स्टिंट हा चिमणीएवढा पक्षी टुंड्रात अंडी घालतो आणि हिवाळ्यात ठाण्याच्या खाडीतल्या चिखलात चरायला येतो. म्हणजे "बंजर" मुलुखाचे रहिवासी आपल्या शेजारी उतरतात.

आणि माणसं? रशियाच्या यमाल द्वीपकल्पात नेनेट्स लोक कळप घेऊन शेकडो किलोमीटर फिरतात. २०१०च्या जनगणनेत ते ४४ हजारांवर होते. त्यांच्या चराऊ जमिनीखाली प्रचंड वायू आहे आणि २०१२पासून बोवानेन्कोवोहून तो पाइपांतून वाहतोय. वायू काढू नका, असं मी म्हणत नाही. माझ्या घरातही गॅसवरच चहा होतो. पण जागा रिकामी ठरली की तिथे राहणाऱ्याला कोणी विचारत नाही, आणि रिकामी ठरवण्याचं काम आधी शब्द करतात. आमच्यासारखे शिक्षक करतात.

वर हवामान. नोव्हेंबर २०१३मध्ये यमालमध्ये बर्फावर पाऊस पडला, तो गोठून कडक पापुद्रा झाला. खुरांनी तो फुटेना. त्या हिवाळ्यात सुमारे ६१ हजार रेनडियर उपाशी मेले. २०१६च्या उन्हाळ्यात पारा ३५ अंशांपर्यंत चढला, अँथ्रॅक्सची साथ आली, दोन हजारांहून जास्त जनावरं गेली आणि एक बारा वर्षांचा मुलगाही. आठवीतल्या पोरांपेक्षा वर्षभराने लहान. बंजर जमिनीवर कळप मरत नाहीत, मुलं मरत नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात जाऊन चूक कबूल केली आणि बंजर, ओसाड दोन्ही खोडले. तोच मुलगा म्हणाला, "मग सर, उर्दूत काय लिहू?" बराच वेळ विचार केला. शेवटी सांगितलं, टुंड्राच लिही. हा शब्द तिथल्या सामी लोकांच्या बोलीतून रशियनमार्गे आला आहे, राहणाऱ्यांचाच दिलेला आहे.