मंगळावरचा झाकलेला बर्फ

मंगळाच्या मध्य अक्षांशांत कड्यांच्या पायथ्याशी जिभांसारखे पसरलेले जे ओघ १९७६ पासून व्हायकिंग यानांच्या छायाचित्रांत दिसू लागले, ते बर्फाचे नसून कोसळलेल्या दगडांचे ढीग आहेत, असा एक पक्ष आहे. मराठवाड्यातील वाचकाला तो सहज पटावा, कारण मंगळाचा बराचसा पृष्ठभाग बेसाल्टचा आहे, वेरूळ-अजिंठ्याची लेणीही त्याच जातीच्या खडकात कोरलेली आहेत आणि अजिंठ्याच्या डोंगररांगेत कातळकड्याखाली साचलेला डबर कोणीही पाहू शकतो.

परंतु हे साम्य दिसण्यापुरतेच आहे. कोरडा डबर साधारण ३० ते ३५ अंशांच्या उतारावर स्थिरावतो (या उताराला विश्रामकोन म्हणतात) आणि तो कड्याला धरूनच राहतो. उलट मंगळावरील ड्यूटरोनिलस मेन्सी या भागातील ओघ कड्यापासून १५-२० किलोमीटर दूर गेलेले असून त्यांचा उतार अगदी मंद आहे, काठाशी मात्र ते फुगीर होऊन एकदम खाली वळतात.

दगडांच्या फटींत थोडा बर्फ मुरला असला तरी असा आकार येऊ शकेल, हा आक्षेप वाजवी होता आणि केवळ छायाचित्रांवरून तो खोडता येत नव्हता. मार्स रिकॉनिसन्स ऑर्बिटर या यानावरील शॅराड रडारच्या २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निरीक्षणांनी तो निकालात काढला. रडारलहरी एखाद्या पदार्थात किती मंदावतात हे त्याच्या परावैद्युत स्थिरांकावर ठरते. बर्फाचा स्थिरांक सुमारे ३, तर घट्ट बेसाल्टचा ७-८ असतो. मंगळावरील हेलास खोऱ्याच्या पूर्वेकडील ओघांतून लहरी तळापर्यंत जाऊन परतल्या, तेव्हा बर्फाचा स्थिरांक धरला असता ओघाचा तळ भोवतालच्या मैदानाच्या पातळीला जुळला. दगडाचा धरला, तर त्याच तळाला विनाकारण उंचवटा येतो.

मंगळावर हवेचा दाब जेमतेम ६ मिलिबार असल्याने उघडा बर्फ न वितळता थेट वाफ होऊन जातो, म्हणजेच त्याचे संप्लवन होते, हा दुसरा आक्षेप नियम म्हणून खरा आहे. पण या ओघांवर काही मीटर जाडीचे दगडमातीचे पांघरूण आहे, त्यामुळे वरून पांढरे काही न दिसणे हा बर्फ नसल्याचा पुरावा ठरत नाही. २४ डिसेंबर २०२१ रोजी मंगळावरील अमेझॉनिस प्लॅनिशियात उल्का आदळून सुमारे १५० मीटर रुंदीचे विवर पडले, तेव्हा जमिनीखालून बर्फाची ढेकळे बाहेर फेकली गेली. ते ठिकाण या ओघांचे नव्हे, तरी त्या अक्षांशांतही झाकलेला बर्फ टिकतो एवढे त्यातून सिद्ध होते.

लोणारच्या उल्काविवराला मंगळाची प्रतिकृती म्हणण्याची हौस विवरांच्या अभ्यासापुरती रास्त आहे. बर्फाच्या प्रश्नात मात्र लोणार मुके आहे. मंगळावरचे हे ओघ आजही वाहतात का, याबाबत आक्षेपकांना थोडे झुकते माप द्यावे लागते, कारण तेथील थंडीत बर्फाची चाल जवळजवळ थांबलेली असावी. मंगळाचा आस आज सुमारे २५ अंश कललेला आहे; तो पूर्वी याहून पुष्कळ अधिक कलत असे, त्या काळी ध्रुवांकडचे पाणी हिमरूपाने मध्य अक्षांशांत येऊन साचले आणि हे ओघ त्याच काळात पुढे सरकले, असा बहुतेक अभ्यासकांचा निष्कर्ष आहे.