खोडावरची आमरी बांडगूळ नव्हे

ऑर्किड म्हटले की डोळ्यांसमोर मोठ्या हॉटेलाचा स्वागतकक्ष येतो, नाहीतर लग्नाच्या हॉलमधले स्टेज. जांभळ्या फुलांची ती लांब दांडी साहेबांच्या टेबलावर आठवडाभर टिकते आणि मग कचऱ्यात जाते. त्यामुळे हे झाड आपल्यासारख्यांचे नव्हे, असा समज होणे साहजिक आहे. वस्तुस्थिती उलट आहे. ज्याच्याकडे बागेपुरती जागा नाही, कुंड्या-मातीचा खर्च परवडत नाही, पण चाळीच्या आवारात एखादा आंबा किंवा फणस उभा आहे, त्याला याइतके सोयीचे फूलझाड दुसरे नाही. त्याला माती लागतच नाही.

मराठीत या कुळाला आमरी म्हणतात, आणि ते काही परदेशातून आलेले नाही. १९६६ साली फादर सांतापाव आणि कपाडिया यांचा ‘द ऑर्किड्स ऑफ बॉम्बे’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. आपल्या सह्याद्रीतल्या आमरींची त्यात तपशीलवार नोंद आहे. सीतेची वेणी ही त्यांतलीच. वैशाख पौर्णिमेच्या सुमारास तिचे पांढरे-गुलाबी तुरे फांदीवरून खाली लोंबू लागतात. आसामात तिला कोपौ म्हणतात. बिहूच्या नाचात तिथल्या मुली ती अंबाड्यात माळतात, आणि त्या राज्याचे ते राज्यफूल आहे.

आता मुद्द्याकडे येतो. आमच्या ओळखीच्या कल्याणच्या एका चाळीत एका ताईंनी आवारातल्या आंब्याला डेंड्रोबियम जातीची दोन रोपे बांधली. पावसात मुळ्या खोडावर पसरल्या आणि लगेच तक्रार झाली, की हे बांडगूळ आहे, आंबा वाळवणार, उपटून टाका. सभेत ठराव व्हायचाच काय तो बाकी होता. आम्ही मंडळींना झाडाखाली उभे केले आणि वर बघायला सांगितले. त्याच आंब्याच्या शेंड्याकडे खरे बांडगूळ चांगले फोफावले होते. त्याची पाने आंब्याच्या पानांत मिसळून जातात, म्हणून वर्षानुवर्षे कोणाच्या लक्षात आले नव्हते.

दोघांतला फरक साधा आहे. बांडगुळाचे मूळ फांदीच्या लाकडात घुसते आणि झाडाचे पाणी व क्षार ओढते. जिथे ते चिकटते तिथे फांदीला गाठ येते. फुलटोच्या नावाचा चिमुकला पक्षी त्याची फळे खातो आणि चिकट बी फांदीवर पुसतो, असा त्याचा प्रसार होतो. आमरीचे मूळ मात्र सालीवर नुसते पडून असते, आत जात नाही. त्यावर स्पंजासारखा पांढरा थर असतो. तो पावसाचे आणि दवाचे पाणी शोषतो, भिजला की हिरवट दिसतो. सालीवर साठलेली धूळ, कुजलेली पाने यांतून तिचे पोट भरते. आंब्याकडून तिला फक्त उभे राहायला जागा आणि थोडी सावली हवी असते. न तपासता कपाळी शिक्का मारणे किती सोपे असते, हे आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको. ताईंची रोपे राहिली. बांडगुळाची फांदी मात्र महापालिकेची परवानगी काढून छाटून घेतली.

बांधायचा मोसम म्हणजे जून. पहिले दोन-चार पाऊस झाले आणि मुळांची टोके हिरवी दिसू लागली की काम उरकावे. आंबा, फणस, चिकू, जांभूळ यांची खडबडीत साल चांगली. पेरूची आणि निलगिरीची साल सुटून पडते, रोपही तिच्याबरोबर खाली येते. खोडाची पूर्वेकडची बाजू निवडावी, म्हणजे सकाळचे कोवळे ऊन मिळते आणि दुपारचा तडाखा टळतो. उंची बकरीचे तोंड आणि मुलांचा चेंडू पोचणार नाही एवढी. (फुले आल्यावर शेजाऱ्यांचा हात पोचणार नाही, हेही पाहावे!)

जुन्या सुती साडीच्या पट्टीने किंवा काथ्याच्या दोरीने रोप घट्ट बांधावे. हलते रोप मूळ धरत नाही. वर्षभरात पट्टी कुजते, तोवर मुळांनी खोडाला मिठी मारलेली असते. तार वापरू नये, ती सालीत रुतते. खिळा तर मुळीच नको. महाराष्ट्रात शहरी भागासाठी झाडांच्या संरक्षणाचा १९७५ चा कायदा आहे, आणि झाड तोडण्याच्या त्याच्या व्याख्येत झाडाला इजा करणेही येते. मुळांखाली नारळाच्या सोडणाचा पातळ तुकडा चालेल. जाड गादी केली तर आपल्याकडच्या पावसात मुळे कुजतात. रोप किंचित खाली झुकलेले बांधावे, म्हणजे पानांच्या बेचक्यात पाणी साचत नाही.

पावसाळ्यात पाणी घालू नये. हिवाळ्यात आठवड्यातून दोनदा, मार्च ते मे रोज सकाळी. भाजी धुतलेले पाणी चालते, मीठ नसावे एवढेच. बोअरिंगच्या जड पाण्याने मुळांवर पांढरे पापुद्रे येतात. पंधरा दिवसांतून एकदा लिटरभर पाण्यात चिमूटभर एकोणीस-एकोणीस-एकोणीस खत पुरे. पावसात गोगलगायी कोवळ्या मुळ्या खातात. रात्री बॅटरी घेऊन त्या हाताने वेचाव्यात, फवारणीच्या भानगडीत पडू नये.

रोप घोडबंदर रस्त्यावरच्या रोपवाटिकेतून घ्यावे, आणि लहान घ्यावे, ते स्वस्त पडते. येऊरला सहलीला गेल्यावर झाडावरून ओरबाडून आणू नये. तो भाग संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येतो आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तो गुन्हा आहे. कायदा बाजूला ठेवला तरी हिशेब बघा. आमरीच्या एका शेंगेत लाखो बिया असतात, पण बियांत अन्नाचा साठा नसतो. ठरावीक बुरशीची साथ मिळाली तरच त्या रुजतात. नोएल बर्नार या फ्रेंच संशोधकाने १८९९ साली हे ओळखले. रानात रुजलेल्या रोपाला फूल यायला कित्येक वर्षे जातात. प्रयोगशाळेत बाटलीतली रोपे होऊ लागली, म्हणूनच आज ती आपल्या आवाक्यात आली आहेत.

शेवटी एक व्यवहाराची सूचना. मे महिन्यात पावसाळ्यापूर्वीच्या छाटणीसाठी कंत्राटदाराची माणसे येतात. त्यांना आमरी ओळखू येत नाही, आणि त्यांचा दोष नाही. म्हणून त्या फांदीला आधीच रंगीत चिंधी बांधून ठेवावी आणि घरातले कोणीतरी त्या वेळी खाली उभे राहावे. फांदी तोडावीच लागली तर आमरीसकट हातभर तुकडा मागून घ्यावा. तो तसाच दुसऱ्या झाडाला काथ्याने बांधला तरी रोप जगते.