प्रेतांवरील खटला

मेलेला मनुष्य रात्रीं थडग्यांतून उठतो, जिवंतांचें रक्त शोषतो आणि त्याचा बळी पुढें स्वतःच तसला रक्तपिपासु बनतो, ही समजूत पूर्व युरोपांतील खेड्यापाड्यांत खोल रुजलेली होती. 'व्हँपायर' म्हणतात तो हाच. नाटकांनीं व चित्रपटांनीं त्यास करमणुकीचा विषय करून टाकिलें आहे. परंतु तो सरकारी दप्तरांत शिरला तेव्हांची हकीकत करमणुकीची नाहीं.

सर्बियाचा उत्तर भाग १७१८ च्या तहानें ऑस्ट्रियाकडे गेला. १७२५ सालीं तेथील किसिलेव्हो गांवीं पेटार ब्लागोयेविच नांवाचा शेतकरी वारला व त्यामागून आठ दिवसांत नऊ माणसें दगावलीं. पेटारनें येऊन आपला गळा दाबला, असें त्यांनीं मरतेसमयीं सांगितलें. थडगें उकरण्याचा गांवकऱ्यांनीं हट्ट धरिला. वरिष्ठांचा हुकूम येईपर्यंत थांबा, असें अंमलदार म्हणतांच, तोंवर गांव ओस पडेल, आम्ही निघालों, हें उत्तर मिळालें. अंमलदार नमला. प्रेताच्या तोंडांत रक्त दिसलें. छातींत मेख ठोकून तें जाळण्यांत आलें. यांत कांहीं चूक झाली असल्यास दोष आपला नव्हे, भयानें बेभान झालेल्या जमावाचा, असें हे गृहस्थ अहवालाच्या शेवटीं लिहितात! ही सरकारी शैली आमच्या वाचकांस अपरिचित नसावी. तो अहवाल व्हिएन्नाच्या वृत्तपत्रानें छापला. तेव्हां या भुताची कीर्ति पसरविण्यांत आमच्या धंद्याचाहि हातभार आहेच.

१७३२ सालीं मेद्वेजा गांवीं प्रेतांचीं शिरें तोडून राख नदींत टाकण्यांत आली, आणि त्या अहवालावर तर तीन शस्त्रवैद्यांच्या सह्या आहेत.

हे साक्षीदार लबाड नव्हते. प्रेत कुजतांना आंत वायु सांचून तें फुगतें व तांबूस द्रव तोंडावाटे बाहेर येतो. कातडी आक्रसल्यामुळें नखें व दाढी वाढल्यासारखीं भासतात. थंडीच्या दिवसांत तर प्रेत कित्येक आठवडे टिकतें. पाहिलें तें खरें. त्यावरून काढिलेलें अनुमान तेवढें खोटें. ज्यानें न्यायालयांत चार साक्षी तपासल्या आहेत त्यास हा भेद समजावून सांगावयास नको. सांथीचें कारण कोणास ठाऊक नव्हतें, म्हणून ज्यास उत्तर देतां येत नाहीं असा आरोपी गांवानें शोधून काढिला. शिक्षा मात्र जिवंतांसहि भोगावी लागे. १७५५ सालीं सायलेशियाच्या सरहद्दीवर एका मृत स्त्रीचें प्रेत स्मशानाच्या भिंतीस भोंक पाडून बाहेर ओढण्याचें काम तिच्याच कुटुंबीयांकडून करविण्यांत आलें.

ही वार्ता ऐकून सम्राज्ञी मारिया थेरेसा हिनें चौकशी करविली. तिचे राजवैद्य जेरार्ड व्हॅन स्विटेन यांनीं हे सारे प्रकार नैसर्गिक असल्याचें दाखवून दिलें, आणि त्याच वर्षीं हुकूम निघाला कीं, अशा प्रकरणांत धर्माधिकाऱ्यांनीं परस्पर कांहीं करूं नये. मुलकी अंमलदारास कळवावें व वैद्याकडून तपासणी व्हावी. भुतांवर विश्वास ठेवणाऱ्यांस त्यांत शिक्षा नव्हती. हात घातला होता तो कृत्यास. महाराष्ट्राच्या २०१३ च्या कायद्याची रचनाहि याच तत्त्वावर आहे. भूत मानणें हा त्यांत गुन्हा नाहीं. भूत उतरविण्याच्या मिषानें माणसास मारहाण करणें हा आहे.