शिष्यवृत्ती शेतकीची, नोकरी मुलकीची

मद्रासचे चेन्नई झाले, परंतु सैदापेठ मात्र सैदापेठच राहिली. आणि अड्यार नदीकाठच्या या गजबजलेल्या वस्तीतून जाताना, जेथे आज मोटारींच्या भोंग्यांखेरीज काही कानी पडत नाही, तेथे एके काळी सरकारचे नमुन्याचे शेत होते आणि १८६८ साली एक शेतकी शाळा निघाली होती, असे सांगितले तर येथे जन्म घालविलेले तमिळ स्नेहीही अविश्वासाने पाहतात. ही शाळा १९०६ मध्ये कोइमतूरला हलविण्यात आली आणि १९७१ मध्ये तिच्याच परंपरेतून तमिळनाडू कृषी विद्यापीठ उभे राहिले.

या इतिहासाची आठवण होण्यास निमित्त झाले ते गावाकडून आलेल्या एका दूरध्वनीचे. नात्यातली एक मुलगी बारावी उत्तम गुणांनी उत्तीर्ण झालेली, घरी कोरडवाहू जमीन, आणि प्रश्न सरळ: “काका, कोइमतूरला शेतकीला गेले तर शिष्यवृत्ती मिळेल का?” मिळेल, असे मी सांगितले, कारण भारतीय कृषी अनुसंधान परिषदेची राष्ट्रीय प्रतिभा शिष्यवृत्ती पदवीच्या विद्यार्थ्यांना मिळते ती अखिल भारतीय प्रवेशपरीक्षेतून, आपले राज्य सोडून दुसऱ्या राज्यातील कृषी विद्यापीठात प्रवेश घेणाऱ्यालाच, आणि ही अट मला फार शहाणपणाची वाटते. स्वतःच्याच तालुक्याची काळी माती पाहिलेल्या मुलीने चार वर्षे कावेरीकाठची भातशेती पाहावी, हा लाभ पैशात मोजता येणार नाही.

महाराष्ट्रातच राहावयाचे तर राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची शिक्षणशुल्काची सवलत आहे आणि अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या मुलांना डॉ. पंजाबराव देशमुखांच्या नावाचा वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. अर्ज महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर करावयाचा. सोबत तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, अल्पभूधारक असल्याचा दाखला, आधारशी जोडलेले बँकखाते. ज्याचे उत्पन्न मृगाच्या आणि हस्ताच्या मर्जीवर अवलंबून, त्याने ते रुपये-पैशांत लिहून मागावे आणि कचेरीने त्यावर शिक्का मारून द्यावा, ही कल्पना ज्या दफ्तरात जन्मली तेथे पाऊस पडत नसावा.

पण मुलीच्या प्रश्नापेक्षा तिच्या वडिलांचा पुढचा प्रश्न मला अधिक जड गेला. “शिकून पुढे काय?” असे त्यांनी विचारले, आणि तो प्रश्न आजचा नाही.

बडोद्याच्या श्रीमंत सयाजीराव महाराजांनी खासेराव जाधवांना शेतकीच्या अध्ययनासाठी विलायतेतील सायरेन्सेस्टरच्या विद्यालयात पाठविले, ही गोष्ट सुविदित आहे. (महाराजांच्या अज्ञान वयात बडोद्याचा कारभार पाहणारे दिवाण सर टी. माधवराव हे कुंभकोणमचे तंजावरी मराठी गृहस्थ. उत्तरायुष्य त्यांनी आमच्या मैलापुरात काढले.) खासेराव परतले ते शेतीच्या प्रयोगांत रमण्यासाठी नव्हे, संस्थानच्या मुलकी कारभारात ते सुभ्याच्या पदापर्यंत चढले, आणि आज त्यांचे नाव मुख्यतः बडोद्याच्या नोकरीत असलेले अरविंद घोष त्यांच्या घरी राहत असत म्हणून निघते. बंगालचे द्विजेंद्रलाल रायही सरकारी शिष्यवृत्तीवर त्याच विद्यालयात शेतकी शिकले. परतल्यावर डेप्युटी मॅजिस्ट्रेट झाले आणि कीर्ती मिळविली ती नाटकांनी व गीतांनी. या दोघांना दोष देण्याचा माझा हेतू नाही. त्यांनी विद्या आणली. ती ठेवावयास जागा त्या काळच्या सरकारपाशी मुलकी खात्याखेरीज दुसरी नव्हती.

याच्या उलट उदाहरण शोधावयास चेन्नईबाहेर जावे लागत नाही. तरमणी येथे १९८८ मध्ये ज्यांनी आपल्या नावाची संशोधनसंस्था स्थापिली, त्या डॉ. स्वामिनाथन यांचा जन्मही कुंभकोणमचाच. कोइमतूरची शेतकीची पदवी घेऊन दिल्लीच्या संशोधनसंस्थेत शिकत असता त्यांची निवड पोलीस सेवेत झाली आणि त्याच सुमारास युनेस्कोची शिष्यवृत्तीही चालून आली. अधिकाराची, प्रतिष्ठेची आणि निवृत्तिवेतनाची खात्री असलेली नोकरी सोडून हा तरुण १९४९ मध्ये हॉलंडमधील वागेनिंगनला बटाट्याच्या आनुवंशिकीचा अभ्यास करण्यास निघून गेला. पुढे केंब्रिजची डॉक्टरेट मिळाली, अमेरिकेत राहण्याची संधी आली, ती नाकारून ते १९५४ मध्ये परतले. तेव्हा प्रथम कटकच्या भात संशोधन संस्थेत तात्पुरती जागा आणि मग दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेत कायमची, अशी दोन दारे त्यांना उघडी मिळाली. ती दारे नसती, तर हरितक्रांतीचा इतिहास निराळ्या नावांनी लिहावा लागला असता, असे माझे स्पष्ट मत आहे.

आपल्याकडे राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली अशी चार कृषी विद्यापीठे १९६८ ते १९७२ या अवघ्या पाच वर्षांत उभी राहिली, आणि तेथून बाहेर पडणारी हुशार मुले पुण्यातील सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांत राज्यसेवेच्या परीक्षेची पुस्तके पाठ करीत बसलेली आढळतात. शिष्यवृत्ती शेतकीची आणि ध्येय तहसीलदारकीचे, हा खासेरावांच्याच काळचा न्याय चालू आहे. एवढेच की त्यांना जागा निदान बोलावून मिळाली. या मुलांना वर्षानुवर्षे जाहिरातीची वाट पाहावी लागते.

आईवडिलांच्या स्मरणार्थ शिष्यवृत्ती ठेवणारे सद्‌गृहस्थ आपल्या समाजात थोडे नाहीत. त्यांना माझी विनंती आहे की दहा विद्यार्थ्यांना शाल, श्रीफळ आणि किरकोळ रकमेचे पाकीट देण्याऐवजी एकाच कृषी पदवीधराला पदवीनंतरचे दोन हंगाम पोसावे. त्याची बियाणी, त्याची रोपवाटिका, त्याच्या माती-परीक्षणाचा खर्च उचलावा आणि हिशेब मागावा तो गुणपत्रिकेचा नव्हे, पिकाचा. पीक बुडाले तरी तिसऱ्या हंगामाचे पैसे द्यावे.