नळी गळत नाही, म्हणून पंप गेला?



मे महिना लागला की आपल्या रावेर तालुक्यात नाल्यातला गाळ काढायला, शेत सपाट करायला चेनची मशीनं फिरायला लागतात. लोडर असो की पोकलेन, भाडं तासावर. आणि दर हंगामात एकच तमाशा दिसतो. मशीन लोडवर आलं की दम तोडतं, बंद पडतं. थोडं थांबून सेल्फ मारला की चालू होतं, दहा मिनिटांनी परत बंद. ऑपरेटर खाली उतरून सांगतो, "पंप गेला भाऊ." मग फोनाफोनी. मेकॅनिक उद्या येतो, पंप उतरवून जळगाव नाहीतर भुसावळला नेतो. इकडे ट्रॉल्या उभ्या, मजूर बसलेले, आणि पाऊस काही तुमच्यासाठी थांबत नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. मी पाहिलेल्या अशा बहुतेक मशीनचा पंप गेलेलाच नव्हता. टाकीपासून फीड पंपापर्यंतची रबरी नळी तडकलेली होती. ती ओळखणं, जोडणं आणि एअर काढणं हे मशीन चालवणाऱ्याला आणि मालकाला आलंच पाहिजे. "ते मेकॅनिकचं काम" म्हणून हात झटकणं आता परवडत नाही.

लोक फसतात कुठं? नळीखाली डिझेल सांडलेलं दिसत नाही, म्हणून नळी चांगली असं समजतात. अहो, विहिरीवरची जुनी मोटर आठवा. सक्शन पाइपला बारीक भोक पडलं तर पाणी बाहेर गळायचं का? नाही. पाइप हवा ओढायचा आणि मोटर पाणी सोडून द्यायची. इथंही तेच. टाकी ते फीड पंप हा ओढीचा भाग. तिथली चीर डिझेल बाहेर टाकण्याऐवजी हवा आत घेते. फीड पंपाच्या पुढं मात्र दाब असतो, तिथली चीर गळून दिसते. केळीला पाणी देणाऱ्या प्रत्येकाला हे कळतं, पण तेच ज्ञान बोनेट उघडल्यावर कुठं जातं कोण जाणे.

मागच्या वर्षी माझ्या शेताशेजारच्या नाल्यात आलेलं मशीन दोन दिवस उभं राहिलं. नाव कोणाचं घेत नाही. पंप उतरवला, तपासून आणला, चांगला निघाला, त्याचे पैसे वेगळे. शेवटी पाहिलं तर पोटाखालच्या नळीला बाभळीच्या खुंटानं घासून चीर पाडलेली. वीतभर नळी आणि दोन क्लिपा, एवढ्यासाठी दोन दिवस!

आता काम कसं करायचं ते लिहितो. जपून ठेवा.

बकेट जमिनीवर टेकवा, चावी काढा, बॅटरीची वायर सोडा, इंजिन गार होऊ द्या. बिडी-सिगारेट लांब. आधी टाकीत डिझेल आहे का, कॉक उघडा आहे का, फिल्टरच्या वाटीत पाणी आहे का ते पाहा. मग नळी बोटांनी वाकवून पाहा, चीर असेल तर वाकवल्यावर उघडते. क्लिपेखाली आणि वळणावर जास्त पाहा. उंदरानं कुरतडलेली जागाही तिथंच सापडते. तरी शंका असेल तर फीड पंपाच्या आधी पारदर्शक नळीचा तुकडा थोडा वेळ लावा, बुडबुडे दिसले की चोर मागच्या बाजूला आहे. पण फवारणी पंपाची ती नळी कायमची ठेवू नका. डिझेलमध्ये ती कडक होऊन तडकते.

चिरलेला भाग सरळ कापून टाका. डिझेलसाठीचीच, आतल्या मापाची नळी घ्या. दोन्ही टोकांना क्लिप लावा. बाइंडिंग तार नको, ती रबर कापते. बंजो बोल्ट उघडला असेल तर तांब्याचे वॉशर नवे टाका. उघडी टोकं झाकून ठेवा, कारण चिमूटभर धूळ नोझलची वाट लावते.

मग एअर काढा. फिल्टरवरचा स्क्रू ढिला करा, हातपंप मारत राहा. फेस येईल, मग बुडबुडे, मग एकसारखं डिझेल. पंप मारता मारताच स्क्रू कसा. नंतर इंजेक्शन पंपावरचा स्क्रू, तसंच. सांडलेलं पुसून घ्या, बॅटरी जोडा. जुन्या साध्या पंपाचं इंजिन तरीही लागलं नाही तर नोझलच्या नळ्यांचे नट थोडे ढिले करून सेल्फ मारा, डिझेल आलं की कसा. सेल्फ एका वेळी दहा-पंधरा सेकंद, मग दोन मिनिटं विश्रांती. ट्रॅक्टरला चार पोरं धक्का देतील, चेनच्या मशीनला कोण ढकलणार? बॅटरी संपली की काम संपलं.

चालू झालं की पाच-दहा मिनिटं स्लो ठेवा आणि जोड तपासा. पण नोझलच्या लोखंडी नळ्यांजवळ हात नेऊ नका, पुठ्ठा धरा. जुन्या नोझललाही २०० बारच्या आसपास दाब लागतो. ती धार कातडीतून आत घुसते. जखम सुईएवढी दिसली तरी लगेच दवाखाना. आणि ती नळी फुटली तर वेल्डिंग नाही, नवीच टाकायची.

काही जण म्हणतील, नव्या मशीनला हात लावला तर वॉरंटी जाते. बरोबर आहे. एप्रिल २०२१ पासून बांधकामाच्या मशीनला आणि जानेवारी २०२३ पासून ५० एचपीवरच्या ट्रॅक्टरला धुराचे नवे नियम लागले, कॉमन रेल इंजिनं वाढली. तिथं दाब हजार बारच्या वर जातो. त्याचे नट ढिले करून एअर काढायची नाही म्हणजे नाही. पण टाकीकडची रबरी नळी तिथंही रबराचीच आहे ना? ती पाहायला कोणती वॉरंटी आडवी येते?

केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. मोबाइल, घरगुती उपकरणं, गाड्यांबरोबर त्यात शेतीची यंत्रंही धरली. हक्क कागदावर येईल, पण पाना धरता येत नसेल तर त्या हक्काचं काय लोणचं घालायचं?

म्हणून तीन मागण्या. विकणाऱ्यानं चावी देण्याआधी गिऱ्हाइकाकडून एकदा एअर काढून घ्यावी आणि पुस्तक मराठीत द्यावं. अवजार बँकेला अनुदान देताना ड्रायव्हरला हे येतं का ते विचारावं. आणि पालचं कृषी विज्ञान केंद्र आपल्याच तालुक्यात आहे, तिथं उन्हाळ्याआधी एक जुनं इंजिन मांडून अर्ध्या दिवसाचा वर्ग घ्यावा. कृषी अधिकारी मंडळी इथं वाचतात, त्यांनी मनावर घ्यावं.

तोवर आपल्या हातात आहे ते करा. टूलबॉक्समध्ये मापाची हातभर नळी, चार क्लिपा, तांब्याचे वॉशर आणि एक फिल्टर ठेवा. भाड्यानं मशीन बोलावताना ऑपरेटरला दर विचारता, तसं हेही विचारा: "दादा, एअर काढता येते का?" नाही म्हणाला तर दुसरा पाहा.