विश्वासाची वही

विश्रामबागेतून तासगांवमार्गें विट्याकडे निघालें, कीं खानापूर-आटपाडीचा अवर्षणाचा मुलूख लागतो. शेतीवर पोट भरेना, म्हणून तेथील तरुण सोनें-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठीं देशभर पांगले. हेच ते गलाईवाले. गांवच्या माणसानें गांवचा मुलगा नेला, धंदा शिकविला, उसनें भांडवल दिलें. जामीन एकच : शब्द! घरीं येणारा पैसाही पुष्कळदां शब्दावरच हस्तेपरहस्तें आला.

हें केवळ आपल्याकडेंच घडलें असें नव्हे. २०२३ सालीं गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांस परदेशस्थ आप्तांनीं धाडलेला पैसा परराष्ट्रांच्या सरकारी मदतीहून दुपटीनें अधिक होता. दात्यापेक्षां आप्तच कामीं आले.

परंतु शब्द देणारा अकस्मात् निवर्तला, तर त्याच्या पत्नीनें पुरावा कोणता दाखवावा? भिशीचीही हीच गत. १९८२ चा चिट फंड कायदा नोंदणी मागतो. घरगुती भिशी मात्र बहुधा तोंडींच चालते. म्हणून वाचक भगिनींस एवढीच विनंती : विश्वास अवश्य ठेवावा, परंतु देणें-घेणें तारीखवार वहींत लिहून दोघांच्या सह्या घ्याव्यात. लिहिल्यानें विश्वास उणा होत नाहीं. उलट माणूस गेल्यावरही तो उरतो.